खालून धरणाऱ्याचा वाटा

१

डोंगरांतल्या नारिनच्या इस्पितळात ऑपरेशन यशस्वी झाल्याचं कागदावर नंतर चढतं. आधी ते पातेल्यातून कळतं. माणूस आपल्या पायांनी घरी गेला की थोड्याच दिवसांत त्याच्या घरचे उकडलेलं मेंढीचं मटण घेऊन दारात उभे राहतात. तेही हाताला येईल तसं कापलेलं नसतं. हाडाहाडाचा मान ठरलेला. मांडीचं मोठं हाड थोरल्याला, शेपटीकडचा चरबीचा तुकडा मानाच्या बाईला, त्याखालोखालची हाडं त्याखालोखालच्या माणसांना. यात चूक झाली तर सोयरीक मोडते, त्यामुळे वाटे काढताना कोणी चुकत नाही. पत्ता चुकेल, पोराचं नाव चुकेल, पण हाड चुकणार नाही.

बुरुलायच्या वाट्याला असे तुकडे फार यायचे. ती पोटाची सर्जन, आणि या डोंगरांत मेंढ्या आहेत, मेंढ्यांमागे कुत्री आहेत, आणि कुत्र्यांच्या अंगावरून हात फिरवून त्याच हाताने भाकरी मोडणारी माणसं आहेत. कुत्र्याच्या पोटातली कीड माणसाच्या काळजात, म्हणजे यकृतात, जाऊन बसते आणि तिथे पाण्याची गाठ धरते. वर्षानुवर्षं वाढत वाढत ती नारळाएवढी होते. आतलं पाणी झऱ्यासारखं नितळ, पण त्याचे चार थेंब पोटात सांडले तर माणूस टेबलावरच दगावू शकतो. म्हणून बुरुलायची एक ठरलेली रीत होती. बरगडीखाली पोट उघडायचं, काळजाभोवती खारट पाण्यात भिजवलेल्या कापडांचा बांध घालायचा, गाठीत सुई घालून पाणी ओढून घ्यायचं, आणि आतली पांढरी साल अंड्याच्या पापुद्र्यासारखी अलगद उचलायची. त्या वेळी ती कोणाशी बोलत नसे. इतर वेळी मात्र तिचं तोंड बंद करायला भूल द्यावी लागेल, असं भूलतज्ज्ञ मेदेर म्हणायचा.

सबिरकुल नावाचा मेंढपाळ बरा होऊन गेला आणि त्याची बायको उलकान मटण घेऊन आली. ऑपरेशनच्या खोलीला लागून चहाची खोली आहे, तिथे तिने फडकं पसरलं.

"हे डॉक्टरीणबाईंना. हे झोपवणाऱ्या डॉक्टरांना. हे धाकट्या डॉक्टरांना." धाकटा म्हणजे तालांत, बुरुलायच्या हाताखालचा. "हे झूरा-एजे, तुला." झूरा ही ऑपरेशनच्या खोलीतली सगळ्यांत जुनी नर्स, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं सगळं इस्पितळ तिला एजे म्हणायचं.

फडक्यावर अजून एक हाड राहिलं होतं. चांगलं मोठं, मानाचं.

"आणि हे खालून धरणाऱ्याला," उलकान म्हणाली.

"कोणाला?"

"तुम्ही वरून काम करत होतात ना, तेव्हा एक जण खालून धरून होता म्हणे. माझा मालक म्हणाला, त्याचा वाटा विसरू नकोस. इतका वेळ धरून होता, पण हात हलला नाही त्याचा."

मेदेरने हाड उचललं. "अहो वहिनी, तो मीच. पेशंटला झोपवलं की मीही टेबलाखाली आडवा होतो." आणि त्याने दात रोवले. सगळे हसले. उलकानही हसली, पण जाताना तिने रिकाम्या जागेकडे पाहून छातीवर हात ठेवला आणि मान लववली.

२

भुलीत माणूस काहीबाही पाहतो. कोणी मेलेल्या बापाशी गप्पा मारतं, कोणी घोड्यावर बसून छतावरून फिरतं. बुरुलायने दहा-बारा वर्षांपूर्वीच अशा गोष्टींवर हसणं सोडलं होतं आणि विश्वास तर तिने कधी ठेवलाच नव्हता. सबिरकुल टाके दाखवायला आला तेव्हा तिने गंमत म्हणून विचारलं, "काय हो, खालून कुठून धरत होता तो?"

सबिरकुलने टोपी काढली. "बाई, तुमचे हात वरून येत होते. ते मला ठाऊक आहेत, गार होते. त्याचे खालून येत होते. ऊबदार. काळीज तळव्यावर घेतलेलं, कोकरू घेतात तसं. त्याला माझा रहमत सांगा, आभार पोचवा."

खालून म्हणजे कुठून? काळजाच्या मागे पाठीचा कणा असतो, त्याखाली गादी, गादीखाली टेबलाचा पत्रा. तिथे हात शिरायला वाट नाही. बुरुलायने मेदेरला भुलीचं औषध कमी करायला सांगितलं, तो म्हणाला "बरं", आणि विषय संपला.

पण मग कोचकोरच्या शाळेतली स्वयंपाकीण आली. तिच्या मुलाने मटण आणलं तेही एका वाट्याने जास्त. तिच्यामागून एक ट्रकवाला. यांची एकमेकांशी ओळख नाही, गावं वेगळी. घाबरलेलं त्यांच्यात कोणीच नव्हतं. अडचणीच्या वेळी शेजाऱ्याने घराचं छत सावरावं आणि त्याचे आभार मानायचे राहून जाऊ नयेत, एवढीच त्यांची काळजी. मेदेर प्रत्येक वेळी तो वाटा खायचा. झूरा-एजेला ते आवडेना.

"दुसऱ्याचं हाड चघळू नकोस रे. पचत नाही."

"एजे, माझं पोट दगड पचवतं."

"पोटाचं नाही म्हणत मी."

बुरुलाय आपल्या कामाकडे बारकाईने बघू लागली. काळजाच्या मागच्या बाजूला हात घालून ते उचलावं लागतं. जड, निसरडं, नाजूक काम. तरण्या सर्जनचे त्यात खांदे भरून येतात. तिचे येत नव्हते. ती हात घालायची आणि काळीज वर यायचं. सरावाने येतं तसं, असं ती इतकी वर्षं समजत होती. सराव नाही तर दुसरं काय असणार? आणि टेबलापाशी एक आवाज होता, अगदी हळू. बराच वेळ उभं राहिलेल्या माणसाने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा तसा. खोलीत उभी राहून काम करणारी माणसं होती, तेव्हा त्यात नवल ते काय?

एका सकाळी ती हात धुऊन आत आली तर झूरा-एजेने भिंतीकडच्या छोट्या टेबलावर, स्वच्छ फडक्यात, बऱ्या झालेल्या एका पेशंटच्या घरून आलेलं हाड ठेवलं होतं.

बुरुलाय अशी भडकली की बाहेरच्या पेशंटनी मान वळवली. "ऑपरेशनच्या खोलीत मटण? चाळीस वर्षं नोकरी केलीस तू! उद्या कोणाच्या पोटात पू झाला तर त्या खालून धरणाऱ्याला बोलावू का मी?"

तिचं चुकलं असं कोणीही डॉक्टर म्हणणार नाही. पण ती तिथेच थांबली नाही. ते आणणारा त्या पेशंटचा भाऊ अजून बाहेर बाकावर बसला होता; हाड घेऊन ती त्याच्याकडे गेली. "आमच्यात असा माणूस नाही. तुमचा वाटा परत घेऊन जा," म्हणाली.

भावाचा चेहरा उतरला. आलेला वाटा कुत्र्याला घालावा, शेजाऱ्याला द्यावा, वाटेल ते करावं. परत पाठवू नये. परत पाठवला म्हणजे ज्याचा तो होता त्याला पंगतीतून उठवलं. हे बुरुलायला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. रागात माणूस शिकलेलं तेवढं लक्षात ठेवतो आणि कळलेलं विसरतो.

झूरा-एजेने टेबल पुसून घेतलं.

३

त्यानंतर काळीज जड झालं. म्हणजे पेशंटचं; बुरुलायचं व्हायला अजून वेळ होता.

उचलायला गेलं की ते हातातून निसटायचं. तालांतला दोन्ही हातांनी धरावं लागायचं, तरी मागचं दिसायचं नाही. पूर्वी दुपारच्या चहापर्यंत उरकणारं काम संध्याकाळवर जाऊ लागलं. कोणी दगावलं नाही, पण तिचे खांदे रात्री दुखायचे आणि नवरा गरम विटेने शेकून द्यायचा. "वय झालं तुझं," तो प्रेमाने म्हणायचा. तिलाही तेच बरं वाटायचं. वय ही समजण्यासारखी गोष्ट आहे.

तो हळू आवाज थांबला होता. इतके दिवस तो रोज येत होता हे तो थांबल्यावर कळलं. आता खोलीत रक्त ओढणाऱ्या यंत्राची घुरघुर होती, भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळाची टकटक होती, दुहेरी काचेवर वारा आपटत होता, आणि टेबलाखाली काहीच नव्हतं. तिथून नजर वळवावी असं तिला का वाटायचं, हे ती स्वतःलाच विचारायची. उत्तर सोपं होतं: थकवा. तरी टेबलापाशी उभी राहताना ती पाय त्यापासून थोडे लांब ठेवायची.

आणि मग ऐन हिवाळ्यात एसेनने आपल्या बायकोला घोडागाडीवर रजया टाकून आणलं. ती जिपार, बुरुलायची पाठची बहीण. आई गेल्यावर बुरुलायनेच तिची वेणी घातली होती, तिला शाळेत नेलं होतं, तिचं लग्न लावलं होतं.

"एजे, कुरकुर करू नको, मला कशाला उशीर केला म्हणून विचारू नको," जिपार हसत म्हणाली, ओठ निळे पडलेले. "मेंढ्या व्यायला आल्या होत्या."

"मेंढ्यांनी तुला सोडून दुसरी मालकीण केली असती, मूर्ख!"

तपासात दिसलं ते बघून बुरुलायची पाचावर धारण बसली. गाठ मोठी होतीच, पण ती काळजाच्या मागे, जिथून शरीरातलं सगळं रक्त हृदयाकडे वर चढतं त्या मोठ्या शिरेला चिकटलेली होती. आणि ती झिरपायला लागली होती. ही केस राजधानीची. पण दोलोनच्या घाटात हिमकडा कोसळलेला, रस्ता बंद, वादळामुळे हेलिकॉप्टर उडेना. सख्ख्या बहिणीवर सुरी चालवू नये हा सर्जनचा नियम आहे. तो ज्यांनी केला त्यांच्या आणि पेशंटच्या मध्ये दोलोनचा घाट नसावा.

"तूच कर," जिपार म्हणाली. "दुसऱ्याला कुणाला देऊ नकोस मला."

४

बर्फावरचा दुपारचा उजेड खिडकीतून असा येत होता की दिवे फिके दिसत होते. बुरुलायने पोट उघडलं, खारट कापडांचा बांध घातला, सुई घातली. पाणी येऊ लागलं. नितळ.

काळीज उचलेना. तालांतने जोर लावला. "सावकाश," ती म्हणाली, आणि त्याच क्षणी आत काहीतरी ओल्या कागदासारखं फाटलं.

पाणी सांडलं. मेदेरचा आवाज बदलला. "प्रेशर पडतंय. साठ. पन्नास. अंगावर चट्टे येतायत." त्याने अॅड्रेनॅलिन दिलं, हवेची पिशवी हातात घेतली. त्याला मस्करी सुचत नाही अशी वेळ कोणी पाहिली नव्हती, ती ही. बुरुलाय पाणी ओढून घेत होती, खारट पाणी ओतत होती, आणि मागून काळं रक्त आलं. उसळत नव्हतं. भरत होतं, विहीर भरते तसं. शीर फाटली होती.

तिने उजवा हात मागे घातला आणि दाबून धरला. रक्त कमी झालं, थांबलं नाही. कुठे फाटलंय ते दिसल्याशिवाय टाका घालता येत नव्हता, दिसायचं तर काळीज उचलायला हवं, उचललं तर रक्त धावायचं. कापडं कोंबून पाहिली. ती भिजून वर आली. काळजाकडे येणारं रक्त चिमट्याने बंद केलं. ही शीर त्याला जुमानणारी नव्हती. पुस्तकात होतं ते सगळं झालं. तिचा दाबलेला हात बधिर होऊ लागला. बोटांखाली बहिणीचा जीव पाण्यासारखा निसटत होता आणि तिला धरता येत नव्हतं.

"किती वेळ धरशील, बाई?" मेदेर हळूच म्हणाला. त्यात प्रश्न नव्हता.

तेव्हा बुरुलाय बोलली. मास्कच्या आतून, मान खाली घालून, टेबलाकडे.

"मी तुमचा वाटा परत पाठवला."

तालांतने वर पाहिलं.

"मोठ्याने बोल," झूरा-एजे म्हणाली.

"मी तुम्हाला पंगतीतून उठवलं. माझी चूक झाली. इतके दिवस धरलंत, त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत मी. बसा. मानाच्या जागी बसा. ही माझी बहीण आहे हो."

यंत्र घुरघुरत होतं. नळात टकटक झाली. तिला स्वतःची लाज वाटली. वीस वर्षं सर्जन असलेल्या बाईने टेबलाशी बोलावं! आणि मग, काळजाच्या मागे, जिथे काळोख आणि ऊब याशिवाय काही नसतं, कोणीतरी तिचं मधलं बोट धरलं.

बधिर हाताला असे भास होतात. नसा दबल्या की मुंग्या येतात, बोट कोणी ओढतंय असं वाटतं. हे सगळं तिला ठाऊक होतं आणि ती ते मनात भराभर म्हणत होती. तालांतचे दोन्ही हात तिच्या डोळ्यांसमोर होते. झूरा-एजेच्या एका हातात टाक्याचा दोरा, दुसऱ्यात कात्री. मेदेर पिशवी दाबत होता. तिचा डावा हात वर, उजेडात.

धरलेलं बोट हळूच बाजूला सरकवलं गेलं. उगीच आडवं आलेलं पोर खांदा धरून बाजूला करावं तसं. मग तिच्या हातावरचा भार गेला.

काळीज वर आलं.

"अरे," तालांत म्हणाला. "मी काही केलं नाही."

रक्त भरायचं थांबलं होतं. शिरेवरची फट स्वच्छ दिसत होती, तिच्या दोन्ही कडा कोणीतरी जुळवून धरल्यासारख्या. बुरुलायने हात पसरला, झूरा-एजेने दोरा दिला. पहिला टाका. दुसरा. शेवटच्या टाक्याला तिने मान वाकवली आणि उजेड आणखी आत शिरला.

काळजाच्या कडेखाली बोटांची टोकं होती. दिवसभर धुणं धुतल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. एका हाताला असावीत त्याहून जास्त, ओळीने, शेवटपर्यंत.

तिने दुसऱ्यांदा पाहिलं नाही. गाठ मारली.

"प्रेशर ऐंशी," मेदेर म्हणाला. "नव्वद. बाई, वर येतंय."

५

पुढेही सगळं सरळ झालं नाही. नळीतून बरेच दिवस पित्त गळत राहिलं, ताप आला, घाट उघडल्यावर राजधानीतून औषधं मागवावी लागली. पण एका सकाळी जिपार उठून बसली आणि रस्सा मागितला, आणि बुरुलायच्या जिवात जीव आला. ती बाहेर जाऊन खिडकीशी रडली, डोळे पुसले, परत आली.

एसेनने मेंढी आणून बांधली होती. आता प्रश्न होता तो वाट्याचा. बुरुलायने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मला एवढंच सांग. म्हातारं होतं की तरणं? बाई होती की बाप्या? हाड कोणतं द्यायचं ते ठरवायला हवं मला. यावेळी चुकायचं नाही."

जिपार टाक्यांवर हात धरून हसली. "एक असतं तर सांगितलं असतं गं."

"म्हणजे?"

"किती जण होते, एजे. दाटीवाटीने. ज्याचा हात जिथे पोचेल तिथे धरून." तिने बहिणीकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. "घाबरू नकोस. रागावले नव्हते ते तुझ्यावर. आपसांत तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होते. म्हणत होते, हिने आम्हाला शेवटपर्यंत सोडलं नव्हतं."

ते कोण हे बुरुलायला कळलं. या टेबलावरून उठून जे घरी गेले त्यांचं मटण तिने खाल्लं होतं. जे उठले नाहीत त्यांच्या घरून कधी काही आलं नव्हतं, येणार कसं? पण त्यांची नावं तिला पाठ होती, कोणत्या गावचे, कुठे रक्त थांबलं नाही, किती वेळ ती दाबून बसली होती. ती समजत होती की ते फक्त तिच्याजवळ आहेत.

"त्यातला एक हात एवढासा होता," जिपार म्हणाली. "त्याला काळीज पेलेना. त्याने नुसतं तुझं बोट धरलं."

बुरुलाय उठली. दारात एसेन उभा होता, सुरी परजत.

"एजे, एक मेंढी पुरेल ना?"

"नाही," ती म्हणाली. "दुसरी आण."

वाटे तिने स्वतः काढले. चहाच्या खोलीत, ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडं ठेवून, लांब फडकं पसरून. मेदेर आला, बसला, आणि कोणत्याच हाडाकडे हात नेला नाही. म्हाताऱ्या मधमाशीवाल्याला मांडीचं हाड, बाळंतपणात गेलेल्या बाईला शेपटीकडचा तुकडा, खाणीतल्या दोघा भावांना सारखंच हाड, नाहीतर भांडले असते. वाटा ठेवताना ती कोणाचं नाव घेत नव्हती. पण त्यांच्यातला प्रत्येक जण गेला तेव्हा झूरा-एजे ऑपरेशनच्या त्याच टेबलापाशी उभी होती. हाड बघूनच तिला कळत होतं कुणाचं, आणि दर हाडाला ती हळूच मान हलवत होती. बुरुलायचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि उघड्या दारामागच्या त्या खोलीची भीतीही तिला इतकी कधी वाटली नव्हती.

शेवटी तिने पातेल्यातून गुर्दा काढला, फुंकर घालून निववला, आणि फडक्यावर ठेवला.

"गुर्दा लेकरांचा असतो," तालांत म्हणाला. तो नवा होता, जुने पेशंट त्याला ठाऊक नव्हते. "इथे लेकरू कुठेय?"

बुरुलायने गुर्दा उचलून फडक्याच्या अगदी कडेला, दाराच्या बाजूला ठेवला.

"तिचा हात पोचत नाही," ती म्हणाली.

झूरा-एजेने वाकून मिठाची वाटी तेवढी कडेकडे सरकवली.